आपले संघ, रिकामी मैदाने

फातोर्ड्याला एफसी गोवाचा सामना असला की प्रेक्षागार दुमदुमते. त्याचा आनंद आम्हांसही आहे. परंतु पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो, ब्रह्मानंद शंखवाळकर ज्याच्याकडून खेळले तो साळगावकर, यांचे गोव्यातील लीग सामने पाहावयास कितीजण जातात? महासंघाने आय-लीगला दुय्यम ठरवू पाहताच २०१६ साली हे दोघे व स्पोर्टिंग स्पर्धेबाहेर पडले. बाणा खरा, किंमत मोजली ती तरुण खेळाडूंनी. २०२४ साली धेंपो आय-लीगमध्ये परतला, हे उत्तम झाले. महाविद्यालयीन सामन्यांकडे तर सहाध्यायीही फिरकत नाहीत! आपल्या वाड्यावरचा पोर धुळेरला खेळत असेल, तर त्या दुपारी दूरचित्रवाणी बंद ठेवून म्हापसा गाठावयास हरकत कसली?