वाफवलेल्या पानाचा गुण

आपल्याकडे हिरवा चहा म्हटले की परसातल्या गवती चहाची पात डोळ्यांपुढे येते. परंतु ज्या हिरव्या चहाच्या आरोग्यगुणांची हल्ली वाखाणणी होते, तो आपल्या नेहमीच्या काळ्या चहाच्याच झुडपाच्या कोवळ्या पानांचा असतो, आणि दोहोंतला भेद पान खुडल्यानंतरच्या थोड्याच अवधीत ठरतो. चुरगाळलेले पान हवेवर राहिले की, चिरलेली सफरचंदाची फोड तांबूस पडावी तसे तेही पालटते. जपानी कारागीर मात्र खुडीनंतर लागलीच त्याला वाफ देतो, चिनी कारागीर ते तापल्या कढईत परततो, आणि त्या उष्णतेने पानातले विकर निकामी होऊन हिरवाई तर टिकतेच, पण कॅटेचिन नावाची जी तुरट द्रव्ये या साऱ्या कीर्तीच्या मुळाशी आहेत, तीही बव्हंशी शाबूत राहतात.

या पेयाकडे औषध म्हणून पाहण्याची दृष्टी फार जुनी आहे. चीनमध्ये अध्ययन करून 1191 साली जपानला परतलेल्या एइसाई या बौद्ध भिक्षूने चहा आणि आयुष्यरक्षण या विषयावर 1211 साली ग्रंथ रचला, आणि जपानचा लष्करी शासक, शोगुन सानेतोमो, मद्यपानाने बेजार झाला असता 1214 साली चहाच्या पेल्यासह चहाची थोरवी सांगणारा मजकूर त्याच्या दरबारी रुजू केला. त्या श्रद्धेला प्रयोगशाळेचा आधार मिळायला सातशे वर्षे जावी लागली: मिचियो त्सुजिमुरा या विदुषीने 1929 साली हिरव्या चहातून कॅटेचिन वेगळे काढले, आणि 1932 साली कृषिशास्त्रातील डॉक्टरेट मिळवणारी ती जपानातील पहिली स्त्री ठरली. तिचे नाव आपल्या वाचकांना ठाऊक असावे, असे मला मनापासून वाटते.

आता प्रत्यक्ष लाभाचा हिशेब. जपानच्या मियागी प्रांतातील ओसाकी भागात 40 ते 79 वर्षे वयाच्या 40,530 स्त्री-पुरुषांची अकरा वर्षे नोंद ठेवली गेली आणि तिचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. दिवसाला एक पेलाही न घेणाऱ्यांच्या मानाने पाच वा अधिक पेले घेणाऱ्यांत एकंदर मृत्यूचे प्रमाण पुरुषांत 12 व स्त्रियांत 23 टक्के कमी आढळले, हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांच्या बाबतीत ही तफावत अधिक ठळक होती, परंतु कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत मात्र कसलाही फरक दिसला नाही. अशा पाहणीतून संबंध कळतो, कारण सिद्ध होत नाही. तथापि हिरव्या चहाने रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल थोडेसे उतरते असे प्रयोगांतही आढळल्यामुळे या साक्षीवर काहीसा इतबार ठेवता येतो. वजनाची गोष्ट वेगळी आहे: वैद्यकीय प्रयोगांची एकत्रित छाननी करणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2012 सालच्या परीक्षणात वजनातील घट नगण्य ठरली, तेव्हा पोट उतरवण्याच्या आशेने महागडी पुडकी घेणाऱ्यांची निराशा अटळ आहे.

मला अधिक काळजी वाटते ती अर्काच्या गोळ्यांची. पेल्यातून हळूहळू पोटात जाणारे द्रव्य आणि तेच एकवटून दिलेली मात्रा यांत मोठे अंतर असून, कॅटेचिनांपैकी प्रमुख असलेले ईजीसीजी पूरक गोळ्यांवाटे दिवसाला 800 मिलिग्रॅम वा अधिक घेतल्यास यकृताला इजा होऊ शकते, असा इशारा युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने 2018 साली दिला आहे. आपल्या घरांतील रक्तक्षय असलेल्या स्त्रियांनीही एक पथ्य पाळावे: भाजी-भाकरीतील लोह अंगी लागण्यास चहा आडकाठी करतो, म्हणून तो जेवणाबरोबर न घेता तास-दीड तासाने घ्यावा.

करण्याची रीत सोपी आहे. पाणी उकळून उतरवावे, वाफेचा जोर ओसरेपर्यंत थांबावे, मग चमचाभर पानांवर ओतून दोन मिनिटांत गाळून घ्यावे. खळखळत्या पाण्याने पाने पोळतात आणि पेय कडवट होते. दूध-साखर घालू नये. पहिल्या पेल्यातला रंग फिकट पिवळसर, किंचित हिरवट असतो, चव जिभेला प्रथम ओळखीची वाटत नाही, आणि त्याच पानांवर पुन्हा पाणी ओतले की दुसरा पेला पहिल्याहून सौम्य उतरतो.