दम आधी येतो, हाडं मागून

मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. पहिल्यांदाच ४२.१९५ किलोमीटर धावायचं मनात असेल, तर तयारी पावसाळ्याच्या तोंडाशीच सुरू करायला हवी. सहा-सात महिने ऐकले की लोक नाराज होतात. ऑफिसातला कुणीतरी तीन महिन्यांत धावून आलेला असतो, पदकासह त्याचा फोटो ग्रुपवर झळकलेला असतो. फेब्रुवारीत तो फिजिओकडे खेटे घालतो, ते मात्र ग्रुपवर येत नाही.

एवढा वेळ दमासाठी लागत नाही. नियमित धावू लागलं की पहिल्या पंधरवड्यातच रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलू लागतं. महिना-दीड महिन्यात जिना चढताना लागणारी धाप थांबते, आपण तयार झालो असं वाटू लागतं आणि नेमकी तिथेच फसगत होते. हाडांचं काम वेगळ्या चालीनं सुरू असतं. नवा भार पडला की शरीर हाडाचा जुना भाग आधी पोखरून काढतं, मग तिथे नवं, दणकट हाड भरतं. पोखरणं काही आठवड्यांत उरकतं, भरायला तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात नडगीची अवस्था महापालिकेनं खोदून ठेवलेल्या रस्त्यासारखी असते, आणि त्याच सुमाराला दम आलेला माणूस आठ किलोमीटरवरून एकदम पंधरावर उडी मारतो. कंडरांची गतही अशीच. त्यांचा रक्तपुरवठा मुळातच बेताचा, त्यामुळे टाचेमागची कंडरा एकदा रुसली की महिनोन्‌महिने मनधरणी करावी लागते.

नडगी दुखू लागली तर हाडावरून बोट फिरवून बघा. दुखणं वीतभर पसरलेलं असेल, तर बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे नडगीवरचा ताण. भार कमी केला की ते हटतं. पण बोटाच्या पेराएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, त्या पायावर उडी मारवत नसेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे हाडाला गेलेल्या बारीक तड्याची शंका घ्यावी आणि धावणं त्याच दिवशी थांबवावं. सुरुवातीच्या एक्स-रेत ते अनेकदा दिसतच नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून पुन्हा बूट चढवणाऱ्यांना अस्थिरोगतज्ज्ञ ओळखून असतात. गरज पडली तर ते एमआरआय करायला सांगतात.

पाय कसे घडतात याचं एक जुनं उदाहरण आहे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. त्या वेळचा मार्ग आजच्यापेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरचा होता. त्या भारतीय संघामागे उभे होते दोराबजी टाटा. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी शेतकरी पोरं बघून ते थक्क झाले होते. त्या पोरांकडे कोच नव्हते, बूट नव्हते. पण लहानपणापासून बांधावरून चालून घडलेले पाय होते. आपण वीस वर्षं खुर्चीत काढलेली असतात, ती उणीव महागड्या बुटांनी भरून निघत नाही.

म्हणून पहिले दोन महिने आठवड्यातून तीन-चार दिवस, थोडं धावायचं, थोडं चालायचं. चालण्यात कमीपणा नाही. वेग इतकाच, की सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. हौशी धावपटूंना हे सर्वांत जड जातं. मरीन ड्राइव्हवर साठीचे काका पुढे निघून गेले की पाय आपोआप उचलले जातात. आठवड्यातून दोन दिवस पोटऱ्या आणि मांड्यांच्या ताकदीचे व्यायाम करायचे, आणि ते टाळायचे नाहीत.

‘दर आठवड्याला दहा टक्केच वाढवा’ हा नियम सगळे सांगतात. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला पाचशेहून अधिक नवख्या धावपटूंवर तो तपासला, तेव्हा तो पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या गटांतल्या दुखापतींत फरक पडला नाही. पुढे पाच हजारांवर धावपटूंच्या नोंदींतून वेगळंच दिसलं: आठवड्याची बेरीज नव्हे, तर एकच धाव मागच्या महिन्याभरातल्या सर्वांत लांब धावेपेक्षा बरीच मोठी झाली, की दुखापती वाढतात. म्हणजे डोळा ठेवायचा तो रविवारच्या लांब धावेवर, लाँग रनवर. तो थोडा थोडा वाढवावा आणि दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम आखडावा. गणपती आणि दिवाळी त्यासाठी आयतेच आहेत.

नवरात्राचे कडक उपवास आणि लाँग रन एकत्र जमवू नयेत. दोन्हींपैकी एकाला सुट्टी द्यावी. सप्टेंबरातली सातारा हिल हाफ मॅरेथॉन देखणी आहे, पण पहिली परीक्षा म्हणून ती मी सुचवणार नाही. यवतेश्वरचा घाट चढताना दम काढतो आणि उतरताना मांड्या फोडतो. डिसेंबरात एक-दोनदा ३० किलोमीटरपर्यंत जावं, त्यापुढे नको. सरावातच ४२ धावलात तर अंग सावरेपर्यंत शर्यतीचा दिवस उजाडेल. शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करत आणायचं.

तिसाव्या किलोमीटरच्या पुढे ‘वॉल’ लागते, म्हणजे अंगातलं बळच संपतं म्हणतात, त्यामागे साधा हिशेब आहे. किलोमीटरमागे दर किलो वजनाला साधारण एक कॅलरी लागते. ६५ किलोच्या माणसाला सुमारे २,७०० कॅलरी हव्यात, आणि स्नायू व यकृतातल्या ग्लायकोजेनचा साठा साधारण २,००० चा. चरबी मदतीला येते, पण सावकाश. म्हणून तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय किंवा गोड काहीतरी पोटात जायला हवं. त्यासाठी एनर्जी जेलच हवं असं नाही. चार-पाच खजुरांतून पंचवीसेक ग्रॅम मिळतात. पोटाला काय मानवतं ते सरावाच्या रविवारीच तपासून घ्यावं. शर्यतीत पेडर रोडच्या परतीच्या चढावर कुणी प्रेमानं पुढे केलेली चिक्की खाऊन बघायची ती वेळ नव्हे.

पाण्याबाबत उलटी चूकही होते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम घटलेलं निघालं, आणि त्यामागचं मोठं कारण होतं प्रमाणाबाहेर पिणं. तहानेप्रमाणे प्यावं; मुंबईच्या दमट हवेत घाम बदाबदा गळतो, तेव्हा मीठ घातलेलं लिंबू सरबत किंवा ओआरएस जवळ असू द्यावं. आयबुप्रोफेन घेऊन धावणं मात्र मूत्रपिंडांशी वैर आहे.

हृदयाची भीती अनेकांना असते. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन धावलेल्या १ कोटी ९ लाख लोकांत हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना नोंदल्या गेल्या. प्रमाण अत्यल्प आहे; तरी चाळिशी उलटलेली असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर पहिल्या धावेआधी डॉक्टरांना दाखवावं. छातीत दाब जाणवला किंवा चक्कर आली तर ते ‘ॲसिडिटी’वर ढकलू नये.

शेवटचा मुद्दा तापाचा. आपला सराव नेमका डेंगी-लेप्टोच्या मोसमात येतो. साचलेल्या पाण्यातून धावू नये, खरचटलेलं असेल तर मुळीच नाही. ताप असताना घाम काढून बरं होण्याचा घरगुती सिद्धान्त इथे चालत नाही, कारण विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि धावल्यानं ती चिघळते. शर्यतीच्या आठवड्यात ताप आला, तर घरी राहावं. ‘फी वाया जाते’ म्हणून आपला बिब, म्हणजे छातीवरचा क्रमांक, मेहुण्याला लावून त्याला पाठवू नये. नियमात ते बसत नाहीच. शिवाय तो वाटेत कोसळला, तर वैद्यकीय पथकाला त्या बिबवर माहिती सापडेल ती तुमची.