बर्फात रोवलेली खूण टिकत नाही

आपल्या बीड जिल्ह्यात शेताची मोजणी निघाली की सगळी भिस्त हद्दीच्या दगडावर असते. दगड हलला की भांडण पेटलेच! पण जिथे पायाखालची भुईच सरकते, तिथे खूण कुठे रोवायची?

पृथ्वीच्या दक्षिण टोकाचा अंटार्क्टिका खंड जवळजवळ ९८ टक्के बर्फाखाली आहे. हा बर्फ स्वतःच्याच वजनाने हळूहळू समुद्राकडे सरकतो. त्यात रोवलेली काठी वर्षभराने जुन्या जागी राहत नाही. भारताची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. पुढे १९८३-८४ मध्ये 'दक्षिण गंगोत्री' हे ठाणे बर्फावर उभारले, ते हिमाखाली गाडले गेले आणि १९९० मध्ये सोडून द्यावे लागले. त्यानंतरचे 'मैत्री' खडकावर बांधले. 'भारती'ही खडकावरच, १८ मार्च २०१२ पासून.

'भारती'ची जागा पाहण्यासारखी आहे. लार्समन टेकड्या म्हणजे समुद्रकाठचा सुमारे ४० चौरस किलोमीटरचा उघडा खडक. पश्चिमेला स्टोर्नेस, पूर्वेला ब्रोकनेस हे दोन मोठे द्वीपकल्प. मध्ये अरुंद खाड्या, दीडशेहून जास्त लहानमोठी तळी. दोघांच्या मधल्या ग्रोव्हनेस या खडकाळ भूशिरावर आपले ठाणे आहे. 'नेस' म्हणजे नॉर्वेच्या भाषेत भूशिर. १९३५ मध्ये नॉर्वेच्या जहाजाने या टेकड्या पाहिल्या, १९३६-३७ मध्ये विमानातून फोटो घेतले, त्यांवरून नकाशे झाले. नावे त्यांचीच राहिली. पण वरून घेतलेल्या फोटोला जमिनीवरच्या पक्क्या खुणांचा आधार लागतो. म्हणून सर्व्हे ऑफ इंडियाचे मोजणीदार तिथे पायी हिंडले. त्या थंडीत यंत्र धरून उभे राहणे सोपे काम नव्हे.

हा खडक आपल्याला अगदीच परका नाही. बारा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी तो भारताच्या पूर्व किनाऱ्याला जोडलेला होता. बीडचा काळा दगड त्यानंतरचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा.

तिथे सातबारा मात्र कोणाच्याच नावावर नाही. अंटार्क्टिकावर सात देशांनी हक्क सांगितला होता. १९५९ च्या कराराने ते सारे दावे गोठवले. भारत १९८३ मध्ये करारात आला. स्टोर्नेसवर दुर्मिळ खनिजे आहेत, म्हणून २०१४ मध्ये ते संरक्षित ठरले. आता परवान्याशिवाय शास्त्रज्ञालाही तिथे पाय ठेवता येत नाही.