राखून ठेवलेला तास

सामाजिक उद्योगांना लागणाऱ्या भांडवलाविषयी या वेळी लिहायचं ठरलं होतं, ते एक आठवडा पुढे ढकलतो. मुलांना वाचायला शिकवणाऱ्या 'प्रथम' या संस्थेवरच्या गेल्या लेखानंतर वाचकांनी निरनिराळ्या शब्दांत एकच प्रश्न विचारला आहे आणि तो चार ओळींत उरकण्यासारखा नाही. चांगलं चाललेलं काम सरकारच्या हाती दिलं की त्याची माती होते, मग संस्थेनं ते स्वतःच्या हाती ठेवूनच का वाढवू नये? यातला पहिला भाग आपण सगळेच गृहीत धरतो. पण माती होते ती नेमकी कशामुळे, हे 'प्रथम'च्या बाबतीत जितकं चिकाटीनं तपासलं गेलं, तितकं आपल्याकडच्या फार थोड्या कामांबाबत झालं असेल. आणि त्यातून निघालेलं कारण आपल्या नेहमीच्या तक्रारीशी जुळत नाही.

'प्रथम'ची पद्धत नियमित वाचकांना ठाऊक आहे. मूल कितव्या इयत्तेत आहे हे बाजूला ठेवायचं. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी त्याला जे वाचता येतं त्या गटात बसवायचं आणि तिथून पुढे न्यायचं. बिहारच्या सरकारी शाळांत ही पद्धत नेली तेव्हा अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची चाचणी वेगवेगळ्या मिश्रणांत घेतली. काही ठिकाणी नुसतं साहित्य दिलं, काही ठिकाणी साहित्याबरोबर शिक्षकांना प्रशिक्षण, आणि काही ठिकाणी या दोन्हींच्या जोडीला गावातले स्वयंसेवक. पहिल्या दोन प्रकारांत वाचनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, तिसऱ्यात पडला. इथं थांबलं तर सरकारी शिक्षकाच्या नावानं बोटं मोडून मोकळं होता येतं, आणि पुष्कळ जण होतातही. पण त्याच बिहारमध्ये 2008 च्या उन्हाळी सुट्टीत महिनाभराची वाचन शिबिरं झाली होती, ती सरकारी शिक्षकांनीच घेतली होती, आणि त्यांत मुलं पुढे सरकली होती. म्हणजे माणसं तीच, पद्धत तीच. सुट्टीत जे जमलं ते शाळा भरल्यावर का जमेना?

उत्तर शाळेच्या वेळापत्रकात आहे. शाळा भरली की शिक्षकाची नोकरी म्हणजे पोर्शन पूर्ण करणं. तपासायला येणारा अधिकारीही तेच विचारतो. चौथीतल्या किती मुलांना अजून अक्षरओळख नाही, हे त्याच्या तक्त्यात कुठंच येत नाही. अशा वेळी प्रशिक्षण घेऊन आलेला शिक्षक नवं साहित्य कपाटात ठेवतो, तेव्हा तो आळशीपणा करत नसून, ज्याचा जाब विचारला जातो ते काम करत असतो. उन्हाळी शिबिरात पोर्शनच नव्हता. हा नुसता तर्क आहे असं कुणी म्हणू शकलं असतं, पण 2012-13 मध्ये हरियाणात त्याची परीक्षा झाली. तिथं शाळेच्या वेळेतला एक तास या पद्धतीसाठी राखून ठेवला, त्या तासाला मुलं इयत्ता मोडून पातळीप्रमाणे बसू लागली, आणि आपल्याकडच्या केंद्रप्रमुखांसारखे जे सरकारी पर्यवेक्षक होते त्यांनी आधी स्वतः वर्गावर ही पद्धत चालवून पाहिली, मगच ते शिक्षकांच्या मदतीला गेले. शिक्षक सरकारी, पर्यवेक्षक सरकारी. आणि हिंदी वाचन सुधारलं. मला या सगळ्या प्रकरणात पर्यवेक्षकांची ती उमेदवारीच सर्वांत मोलाची वाटते. ज्यानं स्वतः मूल वाचतं केलं आहे तो शाळेत येऊन सहीचं रजिस्टर मागत नाही.

'ब्रॅक' या बांगलादेशी संस्थेचं उदाहरण देऊन कुणी म्हणेल की सरकारची वाट न पाहताही प्रचंड वाढता येतं. खरं आहे. 1980 ते 1990 या काळात 'ब्रॅक'च्या कार्यकर्त्या बांगलादेशात घरोघरी गेल्या आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि पाणी यांपासून जुलाबावरचं पेय कसं करायचं ते त्यांनी एक कोटीहून जास्त घरांतल्या आयांना शिकवलं. त्यांचा पगारही बघण्यासारखा होता: काही दिवसांनी दुसरी व्यक्ती त्यांतल्या काही घरी जाऊन आईला काय आठवतं ते तपासायची आणि त्यावर शिकवणारीचे पैसे ठरायचे. पण तो एकदाच द्यायचा धडा होता. वर्ग रोज भरतो, बाळं रोज जन्मतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला तो 39 गावांत. त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. ही सेवा देशभर पोचवायला मात्र लाखो आशा, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्या, लागल्या, आणि एवढ्या बायका कुठल्याही संस्थेला पदरी बाळगता येणार नाहीत. 2011 मध्ये केंद्र सरकारनं आशांच्या गृहभेटी ठरवल्या: दवाखान्यात बाळंतपण झालं तर 42 दिवसांत सहा, घरी झालं तर सात, मोबदला 250 रुपये. जंतुसंसर्गावरचं इंजेक्शन, जे गडचिरोलीतली आरोग्यदूत देत असे, ते आशांच्या हाती दिलं नाही. ही काटछाट मोठीच आहे आणि मी तिचं समर्थन करणार नाही. तरी भेटीचे दिवस ठरलेले आहेत, भेटींपाठी पैसे आहेत, म्हणजे राखून ठेवलेला तास आहे. उणीव आहे ती पर्यवेक्षणात. भेट झाली का, एवढं विचारणारं कुणीतरी असतं. बाळाचं वजन बरोबर घेतलं का आणि ते पाहून आशाला काय वाटलं, हे विचारणारं सहसा नसतं.

एक आक्षेप उरतो आणि तो मला पुरता खोडता येत नाही. हरियाणात जे प्रशासन तास राखू शकलं तसं सगळीकडे नसतं. उत्तर प्रदेशात 'प्रथम'नं शिक्षकांवर भिस्त न ठेवता आपली माणसं सरकारी शाळांत पाठवली. दहा-दहा दिवसांची शिबिरं वर्षातून काही वेळा घेतली, आणि मुलांची प्रगती लक्षणीय झाली. म्हणजे जिथं सरकारी गाडा जड आहे तिथं संस्थेची स्वतःची माणसं लागतातच. मात्र त्यांचा खर्च शिबिर संपल्यावरही दर वर्षी उभा राहतो, आणि तो कुणी उचलायचा हे विचारताच आपण भांडवलाच्या विषयावर येतो. तो पुढच्या आठवड्यात, आणखी काही मधे आलं नाही तर.