पन्नास रुपयांचे पुस्तक
(लहान रकमांचा इतिहास : लेखांक सातवा)

गेल्या आठवड्याच्या लेखांकात नगरपालिकेच्या सायकल-बिल्ल्याची हकिगत सांगताना रेडिओ-दूरदर्शनच्या परवान्याचा ओझरता उल्लेख आला होता. आणि योगायोग असा की, तो मजकूर छापून आला त्याच सुमारास माझ्या पुतण्याचा विलायतेहून फोन आला. हा पुतण्या पुण्याजवळच्या मारुंजीत आमच्याच इमारतीत राहात असे. हिंजवडीच्या एका कंपनीने त्याला ‘ऑनसाइट’ धाडले आणि आता लंडनच्या हॅरो भागात, भाड्याच्या घरात, बायको व तीन वर्षांच्या मुलीसह त्याने बिऱ्हाड थाटले आहे. “काका, घरमालकानं टीव्ही दिलाय, पण लायसन्स काढा म्हणून पत्रावर पत्र येतंय. वर्षाला पावणेदोनशे पौंडांच्या घरात. आपले वीस हजार झाले की! भरू, का टीव्ही परत करून टाकू?”

व्यवहारापुरते उत्तर दोन वाक्यांत देता येते. कोणत्याही वाहिनीवरील कार्यक्रम तो प्रक्षेपित होत असतानाच पाहावयाचा असेल, मग तो भिंतीवरच्या संचावर असो की हातातल्या मोबाइलवर, किंवा बीबीसीचे ‘आयप्लेयर’ उघडावयाचे असेल, तर परवाना हवा. नेटफ्लिक्ससारख्या ठिकाणी साठवलेले चित्रपट आपल्या सवडीने पाहणाऱ्यास तो नको. विनापरवाना पाहताना सापडल्यास दंड हजार पौंडांपर्यंत होऊ शकतो, परंतु नुसता संच घरात ठेवल्याबद्दल कोणी जाब विचारीत नाही. एवढे सांगून मी फोन ठेवला खरा; पण ‘भरू का’ या त्याच्या प्रश्नाचे उत्तर काही मी दिले नव्हते, हे माझ्या ध्यानी आले, आणि ते शोधण्यासाठी मी वडिलांची पत्र्याची ट्रंक उघडली.

त्या ट्रंकेत, रेशनकार्ड आणि विम्याच्या पावत्या यांच्याखाली, परवान्याचे पुस्तक अजून आहे. खिशात मावेल एवढे, जाड कागदाच्या वेष्टनाचे. आरंभी परवानाधारकाचे नाव व पत्ता, संचाची बनावट व त्याचा क्रमांक, आणि पुढे प्रत्येक वर्षासाठी एक चौकोन. त्या चौकोनात परवान्याचे तिकीट डकवून त्यावर पोस्टाचा गोल शिक्का मारून घ्यावयाचा, असा रिवाज होता. रेडिओला वर्षाला पंधरा रुपये आणि दूरदर्शन-संचाला पन्नास. पिंपरीच्या कारखान्यात पाळी करून आलेले वडील मुदतीच्या आदल्या दिवशी पोस्टाच्या रांगेत उभे राहात, आणि घरी आल्यावर शिक्का नीट उमटला आहे की नाही हे दिव्याखाली धरून पाहात. कारण पुसट शिक्का तपासनीस मानणार नाही, अशी त्यांची खातरी होती.

आता गंमत अशी की, ज्या बीबीसीच्या परवान्याबद्दल पुतण्या तक्रार करीत होता, त्याच्याच नमुन्यावर आपल्याकडचा परवानाही बेतला गेला होता. ब्रिटनमध्ये १९२२ साली दहा शिलिंगांचा रेडिओ-परवाना सुरू झाला आणि १९४६ साली दोन पौंडांचा दूरचित्रवाणीचा. इकडे मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र उघडले. ती खासगी कंपनी होती. श्रोत्याने वर्षाला दहा रुपये भरून परवाना घ्यावयाचा, आणि त्या दहांतील आठ रुपये सरकारने कंपनीच्या पदरात टाकावयाचे, असा करार होता. वर्षअखेर साऱ्या देशात परवानाधारक किती? साडेतीन हजारांच्या घरात. ऐकणारे याहून पुष्कळ होते. परंतु ऐकण्यासाठी पैसे मोजावे लागतात ही कल्पनाच लोकांच्या गळी उतरत नव्हती, आणि न भरणाऱ्याला हुडकण्याचे साधन कंपनीपाशी नव्हते. १९३० च्या मार्चमध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. सरकारने ती केंद्रे नाखुशीनेच आपल्या हाती घेतली.

या इतिहासातील आठ रुपयांची ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. हिंदुस्थानच्या प्रसारणाच्या शंभर वर्षांत, श्रोत्याने दिलेला पैसा बहुतांशी थेट कार्यक्रम करणाऱ्याच्या हाती पडतो, अशी व्यवस्था तेवढी तीन वर्षे काय ती नांदली. तीत श्रोता हा वर्गणीदार होता. कार्यक्रम रुचला नाही तर परवाना न काढण्याचा अधिकार तो बजावू शकत होता, आणि दुर्दैवाने त्याने तो रुचला तरीही बजावला.

पुढे १९३३ साली बिनतारी तारायंत्राचा कायदा झाला आणि सारे चित्र पालटले. या कायद्याने विनापरवाना संच बाळगणे हाच गुन्हा ठरवला. तुम्ही ऐका की न ऐका, पेटीत कुलूपबंद ठेवा की माळ्यावर टाका. संच तुमच्या ताब्यात आहे एवढे पुरे. विलायतेत पाहण्यावर आकार, आणि आपल्याकडे बाळगण्यावर! बंदुकीच्या परवान्याची आणि रेडिओच्या परवान्याची जातकुळी एकच होऊन बसली. ‘परवाना’ हा फारसी शब्द आपल्या राज्यव्यवहारात हुकूम व मुभा या अर्थांनी रुळलेला आहे. ज्याला मुभा मिळते त्याने उपकृत व्हावे, हिशेब मागू नये, असा त्या शब्दाचा स्वभावच आहे. पोस्टाने वसूल केलेली ती रक्कम सरकारी तिजोरीत जाई, आणि आकाशवाणीचा खर्च अंदाजपत्रकातून वेगळा मंजूर होई. वडिलांच्या पन्नास रुपयांचा व कार्यक्रमाचा परस्परसंबंध असा कोठेच जुळत नसे.

वडिलांनी संच घेतला तो पासष्ट-सत्तर घरांच्या कामगार वसाहतीत तिसरा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते आणि तेथील कार्यक्रम सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्याकडे फेकले जात असल्यामुळे वसाहतीतल्या साऱ्या अँटेना दक्षिणेकडे तोंड करून उभ्या असत. (पुण्याचे आकाशवाणी केंद्रही २ ऑक्टोबरचेच, १९५३ सालचे. गांधीजींना स्वतःला यंत्रांचे केवढे प्रेम होते हे सर्वश्रुत आहे. तरी त्यांच्या जयंतीचा मुहूर्त आपल्या प्रसारणखात्याला मानवतो.) तपासनीस वर्षातून एकदा फिरकत असे आणि तो आल्याची वर्दी पोरे त्याच्या सायकलीच्याही आधी पोचवीत. आमच्या एका शेजाऱ्यांनी परवाना काढलाच नव्हता. वर्दी येताच त्यांनी संचाच्या लाकडी पेटीचे सरकते दार लोटले, वर गोधडी अंथरली, गोधडीवर गणपतीची तसबीर ठेवली व उदबत्ती लावली. तपासनीस आत आला, त्याने देवाला हात जोडले, आणि मग अंगणात जाऊन वर पाहिले. कौलांवर आठ हात उंचीची अँटेना सिंहगडाच्या दिशेने तल्लीन होऊन उभी होती.

शेजाऱ्यांनी दंड भरला. त्या रात्री आमच्या घरी येऊन ते वडिलांना म्हणाले, “तुम्ही भरता, मी भरत नव्हतो, पण दिसतं ते दोघांनाही सारखंच ना?” वडिलांपाशी याला उत्तर नव्हते. आणीबाणीच्या काळात हा प्रश्न अधिकच बोचरा झाला. १९७६ च्या मे महिन्यापासून किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून व दूरदर्शनवरून बंद झाली, कारण सरकारच्या प्रचाराच्या कामी गाण्याचे त्याने नाकारले होते. देशभर लाखो परवानाधारकांनी त्या वर्षीही पोस्टात रांगा लावून शिक्के मारून घेतले. परंतु ‘आम्ही पैसे भरले आहेत, आमचा गायक आम्हाला द्या’ असे म्हणण्याची सोय त्या पुस्तकाच्या कोणत्याही पानावर नव्हती.

यापुढचा भाग मी झटपट उरकतो. विविध भारतीवर १९६७ च्या नोव्हेंबरात मुंबई, पुणे व नागपूर येथून जाहिराती सुरू झाल्या होत्याच. १ जानेवारी १९७६ पासून त्या दूरदर्शनवरही आल्या. १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर रंग आले, त्यामागून मालिका आल्या, साबणवाल्यांचा पैसा आला, आणि पन्नास पन्नास रुपये गोळा करण्याच्या खटाटोपाचे अप्रूप सरकारला उरले नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास परवाना रद्द झाला. त्याबद्दल हळहळलेला मनुष्य माझ्या पाहण्यात नाही.

मग आज मारुंजीतला आमचा कुटुंबकबिला दूरचित्रवाणीसाठी काही भरीत नाही काय? मी परवा कागद घेऊन बसलो. तारेने किंवा छत्रीने वाहिन्या आणून देण्याचा नुसता वाहतूक-आकार नियामकाने २०१९ साली दरमहा कमाल १३० रुपये ठरवला होता. त्यावर अठरा टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, म्हणजे वर्षाचे अठराशे चाळीस, आणि २०२४ मध्ये ती मर्यादाही उठवून दर कंपन्यांच्या मर्जीवर सोपवला गेला. सशुल्क वाहिन्यांचे पैसे त्याहून निराळे. ब्रॉडबँड निराळे. आमच्या नातवाने घेतलेल्या तीन ओटीटी वर्गण्यांची जंत्री मी मांडली नाही, कारण त्यांतली एक कोणाच्या नावावर चालते याचा घरात वाद आहे. आता दूरदर्शन-आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीचे पाहा. अलीकडच्या वर्षांत केंद्राकडून तिला मिळणारे अनुदान अडीच हजार कोटींच्या घरात असते. ते एकशे चाळीस कोटी माणसांत वाटले तर माणशी अठरा रुपये, चौघांच्या घराचे बहात्तर. वडिलांच्या पन्नास रुपयांचे पन्नास वर्षांनी बहात्तर झाले, हे काही महाग म्हणता येणार नाही. फरक एवढाच की, ते पन्नास वडिलांना ठाऊक होते आणि हे बहात्तर आपण भरतो हे आमच्या इमारतीत कोणालाही ठाऊक नाही.

आणि या बहात्तरांत मिळते ते अगदीच तुच्छ आहे असेही नव्हे. आमच्या इमारतीमागे मारुंजीच्या जुन्या गावठाणातले एक घर आहे. तेथील आजोबांच्या पत्र्यावर दूरदर्शनच्या ‘फ्री डिश’ची छत्री आग्नेयेकडे तोंड करून बसली आहे. छत्री व पेटी एकदाच विकत घेतली, मासिक आकार शून्य. ते रोज सह्याद्री वाहिनीवर शेतीचा कार्यक्रम पाहतात, अर्थात शेत विकून वर्षे लोटली तरी. “पैसं कसलं द्यायचं? सरकारचाच हाय न्हवं तो!” असे ते मला म्हणाले. या वाक्यातच सारी ग्यानबाची मेख आहे. ब्रिटनमधला म्हातारा बीबीसीवर चिडतो तेव्हा ‘माझ्या पैशावर चालता’ असे म्हणून चिडतो. आमचे आजोबा दूरदर्शनवर चिडतच नाहीत, कारण ते त्यांचे नाहीच, सरकारचे आहे. प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला आणि अमलात येण्यास १९९७ चा सप्टेंबर उजाडला. स्वायत्तता कागदावर आली, परंतु पगाराचा पैसा मंत्रालयाच्या दारातूनच येत राहिला, आणि ज्याच्या हाती तिजोरीची किल्ली त्याच्या तोंडाकडे पाहण्याची सवय कायद्याने सुटत नाही.

ब्रिटिश पद्धतीचा कैवार घ्यावा तर तिच्यातही खोट आहे. श्रीमंताला आणि एकट्या विधवेला आकार एकच. तो न भरल्यास फौजदारी. आणि तरुण मंडळी प्रक्षेपण पाहीनाशी झाल्यामुळे भरणाऱ्यांची संख्या आटत चाललेली. बीबीसीच्या सनदेची मुदत २०२७ च्या अखेरीस संपते, आणि पुढे हा परवाना राहावा की जावा यावर रणे माजली आहेत. फ्रान्सने २०२२ मध्ये तो सरळ काढून टाकला. जर्मनीने मात्र २०१३ पासून संच आहे की नाही ही चौकशीच सोडून दिली व दर घरामागे एक ठरावीक आकार बसवला, महिन्याला साडेअठरा युरोंच्या आतबाहेर. ही कल्पना परकी वाटत असेल तर ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती काढून पाहावी; तीत घरपट्टीच्या खाली ‘दिवाबत्ती’ असा एक रकाना असतो. रात्री बाहेर न पडणारा मनुष्य दिवाबत्तीचा कर नाकारू शकत नाही. परंतु कोपऱ्यावरचा दिवा गेला तर पंचायतीच्या दारात जाऊन भांडण्याचा त्याला हक्क असतो, आणि मारुंजीत तो बजावलाही जातो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

तेव्हा माझे मत असे बनले की, रकमेवरून हा प्रश्न सुटावयाचा नाही. भरलेला पैसा कार्यक्रम करणाऱ्याच्या हाती पडत असेल, आणि भरणाऱ्याला त्याचा कान धरता येत असेल, तर वीस हजारही भरावेत. तसे नसेल तर आमचे पन्नासही जास्त होते. रविवारी पुतण्याला मी हे सांगितले. जोडीला हेही सांगितले की, मी रोज सकाळी मोबाइलवर जे बीबीसी मराठी वाचतो (तेही २ ऑक्टोबरचेच, २०१७ सालचे), ते ज्या जागतिक सेवेचे अपत्य, तिचा पुष्कळसा खर्च तिकडच्या परवान्यातूनच भागतो. म्हणजे त्याने भरले तर काकाच्या चहाबरोबरच्या बातम्यांत त्याचा एखादा पेन्स असेल.

“बातम्यांचं सोडा हो काका,” तो म्हणाला, “आम्ही भरूनही टाकले. पोरगी सीबीबीज बघते. मध्ये एक जाहिरात नसते, त्यामुळे दुकानात हे घे, ते घे म्हणून लोळण घेत नाही. महिन्याच्या हप्त्यानं बसवलंय.”

मी त्याला त्याच्या आजोबांच्या पुस्तकाची छायाचित्रे धाडली. सर्व शिक्के ठसठशीत आहेत. शेवटचे चार चौकोन तेवढे कोरे. त्याची विचारणा लगेच आली, “आजोबांनी पुढे भरायचं बंद केलं का?”

“बंद नाही केलं,” मी लिहिले, “ते त्या वर्षीही पैसे घेऊन पोस्टात गेले होते. खिडकीतल्या माणसानं परत पाठवलं.”

(पुढील लेखांक : दिवाबत्तीचा कर)