बाहीखालची जखम : निवासी शाळेतील परिचारिकेचे काम

निवासी शाळेत मूल दुखणे घेऊन आईकडे जाऊ शकत नाही. ते सिस्टरांकडे जाते. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घालून बसलेला विद्यार्थी आम्हा शिक्षकांच्या नजरेतून निसटू शकतो. मलमपट्टीच्या खोलीत मात्र बाही वर करावीच लागते. म्हणून स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांच्या बाबतीत परिचारिकेचे स्थान आम्ही शिक्षकाच्या आधीचे मानतो. (सावित्रीमाई तर दोन्ही होत्या. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करतानाच त्यांना मरण आले.)

अशी इजा हे नाटक नव्हे, आणि दर वेळी ती मरणाची इच्छाही नसते. घराची ओढ, ऊसतोडीला गेलेले आईवडील, परीक्षेचे भय, जातीवरून झालेला अपमान यांनी असह्य झालेले मन क्षणभर शमावे, एवढाच पुष्कळदा हेतू असतो. तरीही अशा मुलांना पुढे आत्महत्येचा धोका अधिक असतो.

परिचारिकेने प्रथम जखम धुवावी, स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवावे, धनुर्वाताची लस झाली आहे का ते पाहावे. आणि हे सारे न रागावता. ‘का केलेस?’ या प्रश्नाने मूल गप्प होते. ‘आज फार जड गेले का?’ याने बोलू लागते. ‘जगू नये असे वाटते का?’ हेही स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. ‘पुन्हा करणार नाही’ अशी शपथ मात्र घालू नये. शपथ मोडली की मूल पुढची जखम लपवते.

भोजनगृहात याची चर्चा नको. जिवाला धोका दिसल्यास मुख्याध्यापक, पालक व डॉक्टर यांना कळवावेच लागते. पण मुलाला आधी सांगून. आपल्या इंदापूर तालुक्यातील ऊस-डाळिंबाच्या घरांना आणखी एक विनंती : मूल सुट्टीत येईल तेव्हा फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत.

पालकांना पोलिसांची धास्ती असते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास तीव्र तणावग्रस्त मानते, आणि त्याची काळजी व उपचार शासनाचे कर्तव्य ठरवते. रात्री-अपरात्री ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

जिथे परिचारिकेचे पद नाही, तिथे हे काम अधीक्षिका वा गृहपालांवर येते. त्यांनाही याचे प्रशिक्षण मिळाले पाहिजे. आणि वरचेवर ‘पोट दुखते’ म्हणून येणाऱ्या मुलाला गोळी देऊन लगेच वर्गात धाडू नये. दहा मिनिटे तिथेच बसू द्यावे.