सात पानांचा साज

आईचा साज २१ पानांचा आणि आम्ही भावंडं तीन. हिशेब किती सोपा! २००९ साली आई गेली. वर्षश्राद्ध झाल्यावर वाटणीची गोष्ट निघाली, तेव्हा बँकेत सोनेतारणाचं टेबल सांभाळलेली म्हणून तराजू आपसूक माझ्या हाती आला. मी दोरा कापला, पानं सोडवली, वजनं जुळवली आणि सात-सातच्या तीन पुड्या बांधल्या. धाकटी बहीण गप्पच होती. पुडी उचलताना एवढंच म्हणाली, "आक्का, मासा तुझ्याकडे गेला आणि कासव माझ्याकडे."

कोल्हापूरच्या बाईला साज म्हणजे काय हे सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. दहा पानं दशावताराची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक-पाचूची आणि एक डोरलं, अशी परंपरेची मोजणी. मध्ये जवाच्या आकाराचे मणी. सोन्याचा पत्रा पातळ, आत लाख भरलेली. हे सगळं पटवेकरी रेशमात गाठवतो तेव्हा कुठे त्याचा साज होतो. आमच्या तारणाच्या फॉर्मवर मात्र एका रकान्यात एकूण वजन, दुसऱ्यात निव्वळ. लाख वजा, दोरा वजा. नोकरीभर मी तो दोरा वजा करत आले आणि आईच्या बाबतीतही तेच केलं. कादंबऱ्यांत वाटण्या पुष्कळ रंगवल्या, घरची वाटणी मात्र अशी कारकुनी!

तो साज आजीकडून आलेला. १९६३ साली सुवर्णनियंत्रण आलं, १४ कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली, सोनारांचे हात रिकामे झाले. आईचा साज त्याच्या आधीचा, म्हणून तिला त्याचा भारी तोरा.

माझी पुडी लॉकरमध्ये पडून राहिली. सात पानांचा का कुठे साज असतो? गेल्या दिवाळीत पुण्याहून नात आली, ती गळ्याला काळी मखमली रिबीन बांधून. मला ते काही रुचलं नाही. मग आठवलं, देगा या फ्रेंच चित्रकाराच्या एकोणिसाव्या शतकातल्या नर्तिकांच्या गळ्यात अशीच काळी रिबीन असते. म्हणजे फॅशन पणजीच्या वयाची! "आजी, तुझी ती पानं यावर शिव ना," नात म्हणाली.

काम अवघड नाही. गळ्याच्या मापापेक्षा चार बोटं कमी रिबीन घ्यावी, कारण मागे गोंड्याची दोरी येते. टोकं दुमडून शिवावीत. रिबीन सिंथेटिक असेल तर टोकं मेणबत्तीला नुसती दाखवावीत, पण पानं लावण्याआधी. उष्णतेनं लाख मऊ होते. इस्त्रीही आधीच उरकावी. खडूनं मध्य काढून मोठं पान तिथं धरायचं, दोन्हीकडे तीन-तीन. रेशमी दोरा दुहेरी, प्रत्येक पानाच्या कडीत चार टाके आणि गाठ स्वतंत्र. एक सुटलं तर बाकीची जागेवर राहतात. मागून पातळ अस्तर लावलं की गाठी टोचत नाहीत. डिंकाची बाटली लांब ठेवावी. नंतर पुसायला कोरडं मऊ फडकं, गरम पाणी नाही. पानं नसली तर तुटलेल्या बोरमाळेचे मणी किंवा एकटं उरलेलं कुडंसुद्धा रिबिनीवर छान बसतं.

मी फोटो बहिणीला पाठवला. तिचा काही निरोप आला नाही. पुढच्या रविवारी ती इचलकरंजीहून एसटीनं आली आणि पर्समधून तीच पुडी काढली, माझ्या अक्षरातलं वजन लिहिलेली. भावाची पानं आता नाहीत. मुलांच्या शिक्षणात त्यानं ती आटवली. तो त्याचा हक्कच होता.

आम्ही चौदा पानं चादरीवर मांडली. मासा, मग कासव. पुढचं पान भावाकडचं. मी बाकीची जवळ सरकवायला लागले, तर ती म्हणाली, "असू दे. तेवढी जागा मोकळी सोड." रिबीन अर्थातच अपुरी पडली, महाद्वार रोडवर जाऊन लांब आणली. टाके तिनं घातले, मी सुईत दोरा ओवून देत होते. शेवटची गाठ बसली आणि दोरा कापायला मी कात्री उचलली, तेव्हा ती तिनं हसत माझ्या हातातून काढून घेतली.